पुआतीने दिलेली हाक

पुआतीची घंटा वाजली की लिकोंडो गावातल्या बाया चुलीवरचं भांडं आधी खाली उतरवायच्या. मागून काय कानावर येईल याचा नेम नसायचा. कधी राजाचा हुकूम, कधी लढाईचं बोलावणं, आणि पुष्कळदा अमक्याला उद्या मारणार, तमक्याचं घर जाळणार, अशी वर्दी. घंटा म्हणजे एका मुठीला जोडलेल्या दोन लोखंडी घंटा, आत जीभ नाही, बाहेरून काठीनं ठोकायच्या. एक जाड आवाजाची, एक बारीक. त्या दोन आवाजांत पुआती अख्खं वाक्य बोलून दाखवायचा आणि मग तेच तोंडानं ओरडायचा. किनाऱ्यावर उभा राहून ओरडला तर फुटत्या लाटांपलीकडच्या होड्या माना वळवायच्या, असा त्याचा गळा.

घंटा त्याला मामाकडून आली. आमच्या न्गोयो राज्यात सगळं मामाकडूनच येतं. जमीन, नाव, वैरसुद्धा. लुलोंडो नदीच्या उतारावर शेजारच्या काकोंगो राज्याच्या माणसांशी लढाई जुंपली, तेव्हा वीस वर्षांचा पुआती मामाच्या शेजारी उभा होता. भाला मामाच्या जबड्यातून शिरला आणि मानेतून बाहेर आला. मामा खाली बसला, पण पडला नाही, घंटा हातात तशीच. पुआतीनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, एक तर मोडावं लागलं, आणि घंटा उचलून ठोकायला लागला. पळत सुटलेली न्गोयोची माणसं तो आवाज ऐकून वळली. दिवस कलला तेव्हा उताराचं पाणी लाल झालं होतं, पुआतीचा डावा कान गेला होता, आणि काकोंगोची सतरा मुंडकी खांबांवर चढवायला निघाली होती. त्यातली तीन पुआतीनं स्वतः तोडली होती. पुढं कितीतरी दिवस त्याला हाताला वास येतो असं वाटायचं. वाळूनं हात घासून घासून त्यानं कातडं सोललं.

त्या लढाईनंतर राजानं त्याला उपसागरावर माफूकाच्या हाताखाली नेमलं. मांगोयो म्हणून ज्याच्या डोक्यावर राजाची टोपी चढली, त्यानं पुन्हा समुद्र बघायचा नाही आणि जहाजातून उतरलेल्या कापडाला शिवायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळं जहाजांशी देणंघेणं, भांडणतंटा, सगळं राजाच्या वतीनं माफूकानं बघायचं. तेव्हाचा माफूका होता चिंपोलो. सुक्या माशासारखा काटकुळा आणि कायम हसतमुख. माणूस मारायचा हुकूमही तो हसूनच द्यायचा.

पंधरा वर्षं पुआतीनं त्या हुकमांना आवाज दिला. चोराचा हात तोडताना, चेटूक केलं म्हणून ठरलेल्या बाईला जाळताना तो चार पावलांवर उभा राहून घंटा ठोकायचा, म्हणजे किंकाळी दूर जायची नाही. घरी लिकोंडोत आला की थोरल्या बहिणीच्या, बुंगूच्या, दारात बसून भाजलेला मासा खायचा. त्याला बायको होती ती पहिल्याच बाळंतपणात गेली. मग बुंगूची दोन लेकरंच त्याची. थोरला ताती, तो त्याचा वारस, आणि धाकटी लांदू, तिचं नुकतंच लग्न झालेलं.

"आज कुणाला मारून आलास?" बुंगू विचारायची.

"मी कुठं मारतो ताई? मी नुसता आवाज. हात दुसऱ्याचे."

"हो बाबा. त्या घंटेला जीभ नाही म्हणून तर तुला ठेवलाय."

ताती हसायचा. पुआतीही हसायचा, पण उरलेला मासा मग तसाच ठेवायचा.

ज्या वर्षी हे घडलं, त्या वर्षी काकोंगोनं आतल्या प्रदेशातून येणारी वाट अडवली होती. हस्तिदंत येईना, जहाजांना विकायचे बंदिवान येईनात. उपसागरात एक गोऱ्यांचं जहाज तीन महिने नांगर टाकून पडलं होतं आणि त्याचा कप्तान रोज चिंपोलोच्या अंगणात येऊन पाय आपटत होता. माल नसेल तर मी मालेंबोला जातो, काकोंगोच्या बंदरात, असं तो दुभाष्याकडून सांगायचा. जहाज शत्रूच्या बंदरात गेलं असतं तर चिंपोलोचं नाक कापलं गेलं असतं. न्गोयोच्या पोटी जन्मलेला माणूस जहाजावर चढवायचा नाही, हा कायदा शेंबड्या पोरालाही पाठ होता. चिंपोलोला तो पाठ नव्हता असं कसं म्हणावं?

एका सकाळी त्यानं पुआतीला बोलावलं. "जंगलात मोठी होडी कोरून तयार आहे. साठ वल्ह्यांची. ओढून किनाऱ्यावर आणायला माणसं हवीत. लिकोंडोत हाक दे. ताडीचे दहा घडे आणि दोन बकरे, म्हणावं."

"लिकोंडोच का? होडी तर फुतिलाच्या रानात आहे."

"तुझ्या गावची माणसं तगडी." चिंपोलो हसला. "आणि तुझ्या हाकेला येतात."

पुआतीला यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरं वाटलं. कित्येक दिवसांत त्याला मरणाची नसलेली वर्दी मिळाली होती. लिकोंडोच्या चौकात उभा राहून त्यानं घंटा ठोकली आणि ओरडला, "लिकोंडोच्या लोकांनो, माफूकाची होडी रानात रुसून बसलीय! ओढायला या! ताडी आहे, बकरा आहे! जो येणार नाही त्याच्या बायकोनं त्याला चूल फुंकायला बसवावं!"

हशा पिकला. एक्केचाळीस माणसं निघाली. बायकाही होत्या, ओढताना गाणं धरायला. ताती वाकस खांद्यावर टाकून आला, वाटेत होडी अडली तर तासायला. लांदू आली. शेजारच्या पेंबाम्हातारीचा एकुलता एक मुलगा सांबो आला.

पेंबा त्याला अडवत होती. "तुझा पाय दुखतोय ना? कशाला जातोस?"

"अगं बकरा आहे!"

"पुआती, तू आहेस ना बरोबर?"

"मी आहे मावशी. संध्याकाळी आणून सोडतो तुझ्या वासराला."

होडी खरोखरच होती. रानातून वाळूपर्यंत ओढत आणेस्तोवर ऊन डोक्यावर आलं. शेवटच्या चढाशी चिंपोलो स्वतः उभा होता. त्याच्या माणसांनी नवे दोर दिले, फास असलेले. "गळ्यातून काखेत घाला, जोर चांगला लागतो," असं कुणीतरी म्हणालं. दोन रांगांत माणसांनी दोर अंगावर चढवले. लांदूनं गाणं धरलं. होडी हलली, आणि त्याच वेळी झुडपांतून बंदुकवाले उठले. दोराची टोकं मागून कुणीतरी एकदम ओढली आणि एक्केचाळीस माणसं एकावर एक वाळूत आपटली.

क्षणभर कुणालाच कळेना. कुणीतरी हसलंसुद्धा, थट्टा समजून. मग पहिला दंडुका बसला.

ताती रांगेच्या टोकाला होता. त्यानं वाकसानं आपला दोर तोडला आणि समोरच्या बंदुकवाल्याच्या खांद्यात वाकस घातला, मानेपर्यंत. दुसऱ्याचं मनगट तोडलं. लांदूकडं धावला आणि तिचा दोर धरलाच होता, तेवढ्यात दोन हातांवरून गोळी सुटली. त्याच्या गळ्याचा पुढचा भाग उडाला. तो लांदूच्या अंगावर पडला आणि तिचं तोंड, छाती सगळं त्याच्या रक्तानं भरलं.

पुआती चिंपोलोकडं धावत सुटला. वाटेत एकजण आडवा आला. पुआतीनं लोखंडी घंटा त्याच्या तोंडावर हाणली, नाक आणि दात एकदमच गेले. मागून बंदुकीचा दस्ता डोक्यात बसला. तो गुडघ्यांवर आला, पुन्हा उठला, पुन्हा एक बसला. सुरा काढून एकजण त्याच्या छातीवर बसला तेव्हा चिंपोलो म्हणाला, "त्याला नको. उद्या हाक कोण देणार?"

लोक होड्यांत भरले जाताना पुआती वाळूत पालथा पडून बघत होता. सांबो ओरडत होता, "पुआतीदादा! त्यांना सांग ना, आम्ही इथलेच आहोत!" एका बाईनं दातांनी एका शिपायाचा अंगठा तोडला. तिचं डोकं होडीच्या काठावर आपटून तिला समुद्रात टाकलं. एक म्हातारा दोराच्या फासातच गुदमरला होता, त्याला तिथंच सोडून दिलं.

पुआतीनं तातीला खांद्यावर घेतलं आणि लिकोंडोपर्यंत चालत नेलं. वाटेत तीनदा पडला. गावात शिरला तेव्हा बाया ताडीसाठी भोपळे घासून बसल्या होत्या.

सगळं सांगून व्हायच्या आत पहिला दगड आला. मग पुष्कळ आले. पेंबाम्हातारीनं त्याचे केस धरून त्याचं तोंड जमिनीवर आपटलं. "माझा सांबो कुठाय? संध्याकाळी आणतो म्हणालास ना? झाली संध्याकाळ, मुडद्या, आण!" बुंगूनं तातीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ते तिनं हलकेच खाली ठेवलं, घरात गेली आणि मुसळ घेऊन आली.

"हाक कुणाची होती?"

"माझी."

तिनं मुसळ हाणलं. त्याच्या डाव्या खांद्याचं हाड कडकन मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. त्यानं हात वर केला नाही. तिनं पुन्हा मुसळ उगारलं, आणि उगारूनच उभी राहिली.

"मारून टाक त्याला!" लोक ओरडले.

"मेला तर राजाला सांगणार कोण?" बुंगू म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "जहाज अजून उपसागरात आहे. ऊठ. राजधानीला चल. तिथं सांग, आणि मग मर."

तातीला पुरायलाही ती थांबली नाही. लोकांवर सोपवलं, त्याच्या रक्तात भिजलेला दोर कमरेला गुंडाळला, मुसळ खांद्यावर टाकलं आणि भावाला पुढं घालून निघाली.

राजधानी दोन दिवसांच्या वाटेवर. चिंपोलोही खुळा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दलदलीतल्या अरुंद वाटेवर त्याची दोन माणसं कोयते घेऊन उभी होती. पुआतीचा एक हात लोंबत होता. पहिल्यानं कोयता उगारला, तो त्यानं घंटेवर झेलला, ठिणग्या उडाल्या, आणि दोघं चिखलात पडले. पुआतीनं एका हातानं त्याचं डोकं पाण्याखाली दाबलं आणि त्यावर गुडघा टेकला. दुसरा पुआतीच्या पाठीवर वार करायला वाकला. बुंगूनं मागून मुसळ घातलं. एकदा, दोनदा, आणि मग कवटीचा आकार जाईपर्यंत.

पाण्यातले बुडबुडे थांबले. पुआती उठला. बुंगू मुसळ गवताला पुन्हा पुन्हा पुसत होती.

"ताई, थांबूया जरा?"

"ताई म्हणू नकोस मला." ती चालायला लागली. थोडं पुढं जाऊन म्हणाली, "पाठीला लागलंय का रे कुठं?"

"नाही."

"मग चल लवकर."

राजाच्या अंगणात ते पोचले तेव्हा चिंपोलो आधीच तिथं होता, डोलीतून आलेला, कमरेला रानमांजराचं कातडं, तोंडावर तेच हसू. पुआतीनं मातीत लोळण घेतली, एका हातानं मांडीवर टाळी देऊन राजाला वंदन केलं आणि सगळं सांगितलं. बुंगूनं दोर पुढं टाकला.

चिंपोलोनं शांतपणे ऐकून घेतलं. "महाराज, हाक कुणी दिली, त्याला विचारा. अख्खं लिकोंडो सांगेल. यानंच परस्पर लोक विकले, वाटणीवरून भांडण झालं, आणि आता माझ्या नावानं बोंब मारतोय."

आणि ते ऐकायला खरंच वाटत होतं. हाक पुआतीचीच होती.

मांगोयो म्हातारा होता, डोळ्यांत पडदे आलेले. त्यानं ताडी मागवली. राजा पितो तेव्हा कुणी बघायचं नसतं, म्हणून सगळं अंगण तोंडं मातीत खुपसून पडलं. पुआतीच्या नाकातोंडात माती गेली आणि त्याच्या मनात आलं, या माणसाला आपला समुद्र माहीत नाही, आपलं जहाज माहीत नाही, हा काय निवाडा करणार! राजानं वाडगा खाली ठेवला आणि म्हणाला, "दोघांनी नकासा प्यावा."

नकासा म्हणजे एका झाडाची लाल साल, वाटून पाण्यात कालवलेली. ओकला तो खरा, कोसळला तो खोटा. सकाळी दोन वाडगे भरून आणले, जमिनीवर सात काठ्या आडव्या मांडल्या. पुआतीनं वाडगा एका दमात रिकामा केला आणि चालायला लागला. तिसऱ्या काठीशी पोटात कोयता फिरल्यासारखं झालं. पाचव्या काठीशी डोळ्यांपुढं अंधारी आली. सगळीकडून ओरडा सुरू झाला, "पड! पड!" मारायला दंडुके घेऊन माणसं तयारच होती. सातवी काठी ओलांडून तो एका हातावर आला आणि ओकला. आधी लाल पाणी, मग पिवळं, मग नुसतं रक्त. घशातून काहीतरी फाटत वर येतंय असं त्याला वाटलं. पण ओकला.

चिंपोलोनं आपल्या एका गुलामाला पुढं ढकललं. "माझ्या वतीनं हा पिईल." मोठ्या माणसांना तशी सवलत होती. राजानं मान हलवलीही असती.

बुंगू उठली. राजापुढं बाईनं उभं राहायचं नसतं. "माझ्या लेकराचा गळा याच्या हुकमानं उडाला. हुकूम याच्या तोंडचा, मग प्यायला तोंड दुसऱ्याचं का? याच्या तोंडाला काय झालंय, शिवलंय?"

कुणीतरी हसलं. मग मागून एक आवाज आला, "त्यालाच पाजा!" मग सगळेच ओरडायला लागले. किनाऱ्याच्या कमाईवर माजलेल्या माफूकाचा राजधानीतल्या लोकांना कधीचाच राग होता. चिंपोलोनं राजाकडं बघितलं. राजानं वाडग्याकडं बोट दाखवलं.

चिंपोलो प्यायला. दोन काठ्या ओलांडल्या, तिसरीवर थांबला, हसायचा प्रयत्न केला. त्याची मांडी ओली झाली. चौथ्या काठीवर तो तोंडावर पडला, आणि पडल्याबरोबर गर्दी त्याच्यावर तुटून पडली. दंडुके, दगड, नांगी मोडलेल्या विंचवाला ठेचावं तसं. पाय धरून त्याला अंगणाबाहेर ओढत नेलं आणि जाळलं, तेव्हा तो मेलेला होता की नव्हता, हे कुणी पाहिलं नाही. पुआती एका झाडाला टेकून बसला होता. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण त्याला फक्त तहान लागली होती. पाणी मागायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. नकासानं त्याचा गळा जाळला होता. पुढं जन्मभर तो घोगऱ्या कुजबुजीतच बोलला.

राजानं दोनशे भालाईत दिले. ते उपसागरावर पोचले तेव्हा गोरे निघायच्या तयारीत होते, पिंपं भरायला नऊ खलाशी झऱ्यावर आलेले. भालाइतांनी त्या नऊ जणांना धरलं आणि जहाजाला निरोप धाडला की लिकोंडोची माणसं द्या आणि तुमची घ्या. दिवसभर घासाघीस चालली. शेवटी कप्तान कबूल झाला, पण नऊला नऊच. बाकीच्यांबद्दल बोलायलाच तयार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिकोंडोचं गाव किनाऱ्यावर जमलं आणि जहाजाच्या दोन होड्या आल्या. एक रिकामी, खलाशांसाठी. दुसरीत लिकोंडोची नऊ माणसं, दोघा-दोघांचे पाय एकत्र बांधलेले, उरलेल्या एकाचे त्याचे त्यालाच. फुटत्या लाटांच्या अलीकडं दोन्ही थांबल्या. पुआतीला होडीत लांदू दिसली. तिच्या तोंडावर वाळलेलं रक्त तसंच होतं. तिच्या मागं सांबो होता.

पेंबा कमरेइतक्या पाण्यात शिरली. "सांबो! ए सांबो!"

खलाशांना पाण्यातून चालत सोडलं. ते रिकाम्या होडीत चढले. शेवटचा चढला मात्र, आणि दुसऱ्या होडीतल्या गोऱ्यानं काहीतरी ओरडून हात केला. वल्ही उलटी पडली. माणसांसकट होडी मागं वळायला लागली.

पुआती त्या वेळी छातीभर पाण्यात होता, होडी ओढून घ्यायला पुढं गेलेला. पंधरा वर्षं त्या लाटा रोज पाहिलेला माणूस. मागून मोठी लाट उठत होती ते त्यानं पाहिलं. त्यानं उजव्या हातानं सुकाणूचं वल्हं पकडलं आणि सगळं अंग त्यावर टाकलं. होडी आडवी झाली. लाट तिच्या कुशीत शिरली आणि होडी उलटी झाली.

किनारा ओरडत पाण्यात धावला. गोऱ्यांपैकी जो वर येईल त्याला भाल्यावर घेतलं, एकाला तर बायकांनी वाळूत पालथा धरून नाकातोंडात वाळू भरून मारला. पुआती पाण्याखाली हातानं चाचपत होता. हाताला केस लागले, ओढले, लांदू होती. तिच्या पायाला बांधलेल्या बाईसकट त्यानं तिला वर काढलं. पुन्हा गेला. पुन्हा गेला. चौथ्या वेळी बुंगूनंच त्याला मानगूट धरून बाहेर ओढलं, नाहीतर तोही राहिला असता.

सहा जण वाचले. तीन बुडाले. सांबो आणि त्याच्या पायाला बांधलेला एक तरणा गडी दुपारी वाहत आले, पाय तसेच एकत्र. जहाजानं तोफा डागून किनाऱ्यावरची आठ घरं पाडली, घरातली चार माणसं मारली आणि एकोणतीस लिकोंडोकऱ्यांना पोटात घेऊन शिडं उभारली. ती माणसं पुन्हा कुणाला दिसली नाहीत.

लांदूला तिच्या नवऱ्यानं पाठीवर घेऊन नेलं. पेंबा सांबोजवळ बसली होती. पुआती तिच्यापुढं गुडघ्यांवर आला.

"होडी तू उलटवलीस," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"तो गेला असता, तरी कुठंतरी जिवंत असता."

यावर बुंगू काहीतरी बोलायला गेली. पुआतीनं तिच्या पायाला हात लावून तिला गप्प केलं.

गावच्या वडीलधाऱ्यांसमोर पेंबानं आपला हक्क मागितला. आमच्याकडे एका घराचा माणूस दुसऱ्या घराच्या हातून गेला, तर त्या घरानं बदली माणूस द्यायचा असतो. बुंगूचं घर म्हणजे बुंगू, लांदू आणि पुआती. वडीलधारे घुटमळले, कारण पुआतीनं सहा जीव वाचवलेही होते. पुआतीनंच घोगऱ्या आवाजात सांगितलं, "मला द्या." राजाकडून बोलावणं आलं होतं, नव्या माफूकाकडं पुन्हा घंटावाला म्हणून. त्यानं घंटा त्या निरोप्याच्या हातात ठेवली आणि पेंबाच्या अंगणात जाऊन बसला.

पहिलं वर्षभर पेंबा त्याच्याशी बोलली नाही. खायला द्यायची ते जमिनीवर, पानाशिवाय. तो तिचं शेत खणायचा, कसाव्याचे कंद भिजवायचा, मासे धुरावर धरायचा, मोडलेल्या खांद्यानं जेवढं होईल तेवढं. गावातले निम्मे लोक त्याला बघून वाट बदलायचे. एकदा त्या जहाजानं बाप नेलेल्या एका गड्यानं त्याला शेतात गाठून लाथांनी तुडवलं, दोन फासळ्या मोडल्या. त्या दिवशी पेंबानं कोयता घेऊन त्या गड्याच्या घरावर चाल केली. "माझ्या घरच्या माणसाला हात लावतोस? मी मारीन, मी जाळीन, तू कोण रे टिकोजी?" परत आली आणि फासळ्यांवर पाला बांधताना त्याला शिव्या देत राहिली. ते तिचं त्याच्याशी पहिलं बोलणं.

अशी चौदा वर्षं गेली. ती त्याला मुलगा कधीच म्हणाली नाही. "ए" म्हणायची. लांदूला तीन लेकरं झाली, ती त्याच्या अंगाखांद्यावर वाढली. पेंबा ते बघायची आणि घरात निघून जायची.

पुआती तापानं मेला, तीन दिवसांत. बुंगू मोडक्या गुडघ्यांनी पेंबाच्या दारात आली. "माझ्या भावाला घेऊन जायला आलेय. मामाच्या शेजारी पुरायचाय त्याला."

पेंबा उंबऱ्यात आडवी बसली. "दिलेला माणूस परत मागतात होय? लाज नाही वाटत?"

"जिवंतपणी दिला होता! मेल्यावर कशाला हवाय तुला? तुला तर तो डोळ्यांपुढं नको होता."

"नकोच होता. अजूनही नकोय. पण आहे तो माझ्या घरचा. तुझी ती कुदळ मात्र आण. माझीचा दांडा मोडलाय, त्यालाच सांगितला होता बसवायला, बसवला नाही मेल्यानं."

दोघी एकमेकींना शिव्या देत, एकमेकींच्या अंगावर थुंकत अर्धा दिवस भांडल्या. लोक जमले, कुणी मधे पडलं नाही. शेवटी बुंगू घरी गेली आणि कुदळ घेऊन आली. खड्डा सांबोच्या डाव्या हाताला खणला. जमीन कडक होती, आळीपाळीनं खणावं लागलं. अंधार पडायच्या आत त्यांनी त्याला मातीत उतरवला.